डोक्यातला रंधा

मित्रांनो, ज्या गोष्टी असतात पण दिसत नाहीत, त्यांच्या शेजारी माझं सारं आयुष्य गेलं. मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझी रबरी नळी एके काळी काळीभोर होती. आता ती राखाडी पडली आहे आणि वाकवली की तिच्यावर बारीक भेगा दिसतात. कानात घालायच्या माझ्या दोन टोप्यांपैकी एक मूळची आहे, दुसरी नंतर बसवलेली. तरीही अजून मला ऐकू येतं. आणि जे मी ऐकलं, त्यातली एक गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शेडच्या एका टोकाला तापलेल्या रबराचा वास असायचा, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची खोकी. मधे उंच स्टुलावर एक तपासनीस बाई बसायची. प्रत्येक नवा स्टेथोस्कोप ती कानांत घालायची, चकतीवर नखाने टिचकी मारायची आणि मग ती चकती स्वतःच्या छातीवर ठेवायची. जो नापास होईल तो काही न बोलता डाव्या बाजूच्या टोपलीत टाकायची. मला तिने इतरांपेक्षा बराच जास्त वेळ ऐकलं. मला वाटलं, गेलो आपण टोपलीत. मग लक्षात आलं की बाई दमली होती आणि घटकाभर स्वतःचंच हृदय ऐकत बसली होती. मी ऐकलेला पहिला आवाज तो.

पुढे मला एका डॉक्टरीणबाईंनी विकत घेतलं. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि खाली टायरचं दुकान. दिवसभर खालचा हवा भरायचा कॉम्प्रेसर घरघरायचा आणि वर मी छात्या ऐकायचो. कितीतरी वर्षं मी त्यांच्या गळ्यात होतो. आलेल्या माणसांना त्या कौतुकाने सांगायच्या, "ह्याच्यापासून काही लपत नाही." मला छातीची ओळख होती. छाती म्हणजे गजबजलेली खोली, कुणी ना कुणी सतत दार वाजवत असतं. पोट म्हणजे मोरी, काही ना काही वाहत असतं. पण डोकं? डोकं मला नेहमी कुलूप लावलेल्या घरासारखं वाटायचं. तिथे मला कुणी कधी ठेवलंच नव्हतं.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंना कुणीतरी नवा स्टेथोस्कोप भेट दिला. निळा, मोठ्या चकतीचा, दिमाखदार. मी दारामागच्या खुंटीवर गेलो. माझ्या अंगावर एक विसरलेली छत्री लटकायची. दार उघडलं की मी भिंतीवर आपटायचो. मित्रांनो, वस्तूला तुटण्याचं दुःख फारसं होत नाही. कुणीच हात लावत नाही, त्याचं होतं.

अशातच एका दुपारी मिस्त्रीणबाई आल्या.

त्यांचं नाव कुणी घेत नसे. त्यांचा नवरा सुतार होता, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून या मिस्त्रीणबाई. आदल्या वर्षी मिस्त्री न्यूमोनियाने गेले होते. बाईंबरोबर त्यांची सून होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती.

"डॉक्टर, ह्यांचा डावा डोळा बघा," सून म्हणाली. "डोळे आलेत म्हणून आधी थेंब घातले. पण हे तसं नाही. दिवसभर लोकांचे डोळेच बघते मी. ह्या लाल शिरा बघा, कशा वळवळत गेल्यात. आणि डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय."

"आणखी काही त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मिस्त्रीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. "सांगा ना आई."

"तो त्रास नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "हे रंधा मारतात, तेवढं ऐकू येतं."

"हे म्हणजे कोण?"

सुनेने मान खाली घातली. "बाबा. माझे सासरे. कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं, कान चांगले आहेत म्हणाले. आता हे म्हणतात, मानसोपचारवाल्याकडे नेऊ या."

'हे' म्हणजे मिस्त्रीणबाईंचा मुलगा. तो दूरच्या डेपोत कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचा.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काकू, कसा येतो आवाज?"

"खर्र, खर्र. लांब हात मारल्यासारखा. इकडे, डाव्या बाजूला." मिस्त्रीणबाई कानामागे बोट लावून म्हणाल्या, "लोकांना वाटतं माझं काहीतरी सटकलंय. पण जन्मभर ऐकलाय तो हात, मला कळणार नाही?"

"मधे थांबतो?"

"नाही."

"आत्ता आहे?"

"खालच्या त्या मशीनमुळे दबलाय. पण आहे."

डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून वाकून टायरवाल्याला सांगितलं, "पाच मिनिटं ते बंद ठेवा हो." कॉम्प्रेसर बंद पडला आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. त्यांनी निळा स्टेथोस्कोप बाईंच्या कानामागे टेकवला. पण तिथे जागा अरुंद आणि हाड उंचसखल. मोठी चकती नीट बसेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांची नजर दारामागे गेली.

माझ्या चकतीच्या उलट बाजूला घंटीसारखी एक लहानशी वाटी आहे. त्यांनी ती बाहीला पुसली आणि बाईंच्या डाव्या कानामागे ठेवली.

मित्रांनो, मी घाबरलो. त्या कुलूपबंद घरात कुणीतरी काम करत होतं.

खर्र. खर्र. खर्र. लाकडावरून रंधा पुढे जावा, क्षणभर मागे यावा आणि पुन्हा पुढे जावा, तसं. ना घाई, ना विसावा. मी आयुष्यात इतक्या छात्या ऐकल्या होत्या, पण माणसाच्या डोक्यातून येणारा असा आवाज कधी ऐकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हाताने बाईंची नाडी धरली. नाडीचा एक ठोका, रंध्याचा एक हात. मग त्यांनी मला बाईंच्या मिटलेल्या पापणीवर अलगद ठेवलं. तिथे तर आवाज आणखी जवळ होता, जणू पापणीच्या पलीकडेच तो माणूस उभा होता.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी मला सुनेच्या कानांत घातलं.

"आई," ती म्हणाली, "मला पण ऐकू येतंय."

मिस्त्रीणबाई रडल्या नाहीत. "मग मी इतके दिवस काय सांगत होते?" एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "काकू, आवाज खरा आहे. तुम्हाला वेड लागलेलं नाही. पण तो आवाज तुमच्याच रक्ताचा आहे. हृदयाकडून येणारं रक्त जोरात येतं आणि परत जाणारं संथ जातं. मधे बारीक नळ्यांची जाळी असते, ती त्याचा जोर मोडते. तुमच्या डाव्या डोळ्यामागे कुठेतरी जोराची नळी आणि संथ नळी परस्पर जोडल्या गेल्या असाव्यात. गच्चीवरच्या टाकीचा पाइप सरळ मोरीच्या पाइपाला जोडला तर कसा आवाज होईल? तसं झालंय. म्हणून डोळा लाल, म्हणून तो पुढे आलाय."

मिस्त्रीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. पण तोवर डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या छातीवर ठेवलं होतं. आणि तिथलं दार वेगळंच काही सांगत होतं. बाई आनंदात होत्या. आता दोन माणसांनी साक्ष दिली होती की मिस्त्री आहेत.

पुढच्या तपासण्या मोठ्या इस्पितळात झाल्या. मी तिथे नव्हतो, पण त्या परत आल्यावर जे बोलणं झालं ते ऐकलं. जोड सापडला होता. तो मेंदूच्या आवरणात होता, बारीक होता आणि त्यातून रक्त उलटं मेंदूकडे जात नव्हतं. तसं जात असतं तर वाट न बघता तो लगेच बंद करावा लागला असता. तिथल्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं की मांडीतून तार घालून जोड बुजवता येतो, पण त्याआधी एक साधा उपाय करून पाहू. मानेतली मोठी धमनी ठरवून दिल्याप्रमाणे थोडा वेळ दाबायची आणि सोडायची. दिवसातून बऱ्याचदा. रक्ताचा जोर कमी झाला की असा बारीक जोड कधीकधी आपोआप गोठून बंद होतो. मानेची नळी आतून स्वच्छ आहे, हृदय ठीक आहे, हे त्यांनी आधी यंत्रावर पाहून घेतलं होतं. मित्रांनो, हे मुद्दाम सांगतो. ही खेळून बघायची गोष्ट नाही. स्वतःची किंवा दुसऱ्याची मान कधीही दाबू नका. बाईंना ते डॉक्टरांनी तपासून, समोर बसवून शिकवलं होतं.

"डावी बाजू, पण उजव्याच हाताने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त कमी पडलं, तर आधी उजव्याच हातातली ताकद जाईल. हात आपोआप खाली पडेल आणि मान सुटेल."

मिस्त्रीणबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "म्हणजे हाच दाबणार आणि हाच राखण करणार."

"तसंच."

त्यांनी मानेवर बोटं ठेवली. मी कानामागे होतो. बोटं रुतली तसा रंधा मंदावला, बारीक झाला आणि थांबला. आत काहीच उरलं नाही. एवढी शांतता मी कुठल्याच जिवंत माणसात ऐकली नव्हती. त्याच क्षणी बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. हात भरून आला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला सुनेच्या हातात दिलं. "हा घरी न्या. रोज एकदा ऐका. आवाज वाढला, किंवा एकाएकी बंद झाला, डोकं दुखलं, दिसायला कमी आलं, तर कशाचीही वाट न बघता निघून यायचं."

अशा रीतीने मी खुंटीवरून सुटलो आणि मिस्त्रींच्या कामाच्या खोलीत आलो.

घर जिन्याने वर होतं आणि ही खोली खाली, रस्त्याच्या बाजूला. भिंतीवर करवती, पटाश्या, हातोडे आपापल्या खिळ्यांवर होते. काटकोन बघायच्या गुण्याशेजारचा एक खिळा रिकामा होता, तिथे सुनेने मला अडकवलं. खाली लाकडाच्या कुरळ्या ढलप्या तशाच पडल्या होत्या. त्या कुणी झाडू द्यायच्या नाहीत, असा बाईंचा हुकूम होता. मधल्या मोठ्या बाकावर कपाटाचं एक दार आडवं होतं. अर्धं रंधून गुळगुळीत झालेलं, अर्धं खरबरीत. मिस्त्री आजारी पडले त्या दिवशी त्यांचा हात जिथे थांबला, तिथे एक सरळ रेघ होती.

मिस्त्रीणबाई सकाळचं काम उरकून तिथे यायच्या आणि संध्याकाळपर्यंत बसायच्या. तळहाताने दार चाचपायच्या. "कालच्यापेक्षा पुढे सरकलंय," असं म्हणायच्या. संध्याकाळी सून सुई घेऊन त्यांच्या तळहातात शिरलेली लाकडाची कुसळं काढायची.

सून समोर असली की बाईंची बोटं मानेवर असायची. बघणाऱ्याला वाटावं, किती मनापासून औषध चाललंय. पण मला कसं फसवणार? बोटं मानेवर असतानाही रंध्याचा आवाज तसूभर कमी व्हायचा नाही. त्या दाबतच नव्हत्या.

सुट्टीच्या दिवशी मुलगा आला. त्याने ढलप्या पाहिल्या, दार पाहिलं, आईला पाहिलं. तो वाईट नव्हता. त्याला फक्त काय करावं ते कळत नव्हतं.

"आई, ही खोली बंद करू या. चावी माझ्याकडे राहू दे. इथे बसून तुला जास्तच होतंय."

"ने की चावी," मिस्त्रीणबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना काय फरक पडतो? ते आत आहेतच."

मुलाने चावी खिशात टाकली, मग पुन्हा काढून बाकावर ठेवली आणि वर निघून गेला.

एकदा बाईंनी मला खिळ्यावरून काढलं, टोप्या स्वतःच्या कानांत घातल्या आणि चकती त्या दारावर ठेवली. "बघ, लाकडातच आहेत," त्या सुनेला म्हणाल्या. कान बंद झाले की आतला आवाज मोठा होतो, म्हणून त्यांना रंधा आणखी जवळ आल्यासारखा वाटला. माझ्यातून काहीच गेलं नव्हतं. सुनेने टोप्या आपल्या कानांत घातल्या. आधी काही नाही. मग ती ताठ झाली. दाराच्या खरबरीत भागात, खोल आत, बारीक आवाज होता. कर्र. कर्र. थांबून पुन्हा कर्र.

तिने चकती आणखी घट्ट दाबली. मीही तो ऐकत होतो. बराच वेळ आम्ही दोघं ऐकत राहिलो. मग तिने दार उचलून खालची बाजू पाहिली. तिथे बारीक भोकं होती आणि पिवळं पीठ सांडलेलं होतं. लाकडाला भुंगा लागला होता.

"किडा आहे, आई," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती त्या खोलीत एकटी यायची नाही.

दरम्यान डोळा बिघडत चालला. पापणी सुजली, बुबुळ पुढे आलं, डोळा एका बाजूला वळेना. मग एका सकाळी मिस्त्रीणबाई बाकासमोर उभ्या राहून अगदी सहज म्हणाल्या, "आता दोन दारं दिसतात. एक अजून तसंच आहे. एक त्यांनी पुरं केलंय."

सून त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली. मीही तिच्या पिशवीत होतो. डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला, मला कानामागे ठेवलं आणि कपाळाला आठी घातली.

"फरक काहीच नाही. दाबताय ना काकू?"

"हो."

"मग आता तज्ज्ञांना तार घालायचं ठरवावं लागेल. डोळ्यातला दाब वाढतोय. असंच चाललं तर ह्या डोळ्याने दिसायचं बंद होईल. आजच फोन करते. बहुतेक येत्या आठवड्यातच बोलावतील."

घरी परतल्यावर सुनेने मला पिशवीतून काढून हातात घेतलं. वर न जाता ती सरळ खालच्या खोलीत गेली आणि मिस्त्रीणबाई तिच्यामागून आल्या. बाहेर भर दुपार होती, रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पण त्या खोलीत काहीच शिरत नसे.

"तुम्ही दाबत नाही," सून म्हणाली. रागाने नाही. थकून.

मिस्त्रीणबाईंनी ते नाकारलं नाही. "माझ्या हाताने त्यांचा हात थांबवू? तूच सांग. जिवंतपणी कधी त्यांचं काम अडवलं नाही मी."

सून बाकाच्या कडेला टेकली. मग तिने विचारलं, "आई, बाबा रंधा मारत असले आणि तुम्ही हाक मारलीत, तर काय करायचे?"

"थांबायचे." बाईंना हसू आलं. "लगेच. रंधा अर्ध्यावर ठेवून 'काय गं' म्हणायचे. एकदासुद्धा असं झालं नाही की मी हाक मारली आणि ते थांबले नाहीत."

"मग मारा हाक."

मिस्त्रीणबाईंचं हसू विरलं. इतक्या महिन्यांत त्यांना हे सुचलंच नव्हतं. की सुचलं होतं आणि त्यांनी ते दूर ठेवलं होतं, कोण जाणे. सुनेने मला खिळ्यावर न टांगता टोप्या कानांत घातल्या आणि माझी वाटी त्यांच्या कानामागे धरली.

"अहो," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

खर्र. खर्र.

"अहो, जरा थांबा."

खर्र. खर्र. खर्र.

"ऐकलंत का? मी हाक मारतेय."

रंधा थांबला नाही. उलट वेगाने चालू लागला. आधी कधी नव्हता इतका भराभर, जणू कुणी पकडायच्या आत काम उरकून टाकायचं होतं. सुनेने ओठ घट्ट मिटून धरले. मिस्त्रीणबाई हळूहळू खाली बसल्या. त्यांचा हात ढलप्यांत गेला.

"थांबत नाहीत," त्या पुटपुटल्या. आणि मग त्यांनी जे विचारलं ते मी कधीच विसरणार नाही. "मग हा कोण आहे?"

इतके महिने ज्या आवाजाच्या सोबतीने त्या जगल्या, त्याची आता त्यांना भीती वाटली. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ज्याच्यापासून पळायचं तोच डोक्यात बसलेला, तर पळणार कुठे?

सून त्यांच्याजवळ खाली बसली. तिने त्यांच्या एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावरच्या नाडीवर ठेवली. "हे बघा. इथे ठोका पडतो, तिथे खर्र होतं. घाबरलात तेव्हा दोन्ही पळायला लागले. तुम्हीच आहात, आई. दुसरं कुणी नाही."

बाई बराच वेळ नाडी मोजत बसल्या. मग त्यांनी उजवा हात उचलला, बोटं मानेच्या डाव्या बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा मनापासून दाबली. रंधा बारीक झाला. थांबला. सोडल्यावर पुन्हा सुरू झाला.

"बाबा तुमच्या शब्दाने थांबायचे," सून म्हणाली. "हे तुमच्या बोटाने थांबतंय."

सुनेने त्याच दिवशी फोन करून डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या आणि मग तज्ज्ञांशी बोलून त्यांनी तार घालायचं थोडं पुढे ढकललं, पण डोळा दर दोन दिवसांनी दाखवायच्या अटीवर.

तिथून पुढे मिस्त्रीणबाई खरोखर दाबू लागल्या. भाजी निवडताना मधेच थांबून, गॅलरीत बसून, कपडे वाळत घालून झाल्यावर. शेजारीण विचारायची, "मान धरली का हो?" त्या म्हणायच्या, "नाही, रक्ताला जरा वळण लावतेय." एकदा त्यांनी घाईला येऊन सांगितल्यापेक्षा जोर केला. बोलता बोलता त्यांचा उजवा हात मानेवरून सुटला आणि मांडीत पडला, कुणी परका माणूस तिथे विसरून गेल्यासारखा. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. क्षणभराने बोटं हलली. सुनेने रिक्षा केली, इस्पितळात सगळं पुन्हा तपासलं, हात शाबूत होता. डॉक्टरांनी दाबायचा जोर आणि वेळ दोन्ही कमी करून दिलं. "राखणदाराने काम केलं म्हणायचं," मिस्त्रीणबाई परत येताना म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

मी रोज ऐकत होतो. रंधा हळूहळू रंधा राहिला नाही. आधी तो पॉलिशपेपर घासल्यासारखा झाला. मग कापडावरून हात फिरवल्यासारखा. मग कधी यायचा, कधी नाही. आणि एका दुपारी सुनेने मला कानामागे ठेवलं, तिथून पापणीवर ठेवलं, पुन्हा कानामागे ठेवलं. काही नाही. कुलूपबंद घर पुन्हा नुसतं घर झालं होतं.

एकाएकी शांत झालं तर यायचं, हे सुनेच्या ध्यानात होतं. तिने वाट पाहिली नाही. इस्पितळात पुन्हा चित्रं काढली. जोड बंद झाला होता. कुणी चिरलं नव्हतं, टाका घातला नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत डोळ्याची लाली उतरली, बुबुळ जागेवर गेलं आणि दोन दिसायची ती वस्तू एक दिसू लागली.

सगळे खूश होते. मिस्त्रीणबाई मात्र त्या दिवशी खालच्या खोलीत गेल्या आणि खूप रडल्या. मिस्त्री गेले तेव्हा त्या अशा रडल्या नव्हत्या, असं सून नंतर म्हणाली. मुलगा जिन्यात उभा होता. त्याने आईला थांबवलं नाही. थोड्या वेळाने तो आत आला, खाली बसला आणि ढलप्या गोळा करू लागला. बाईंनी त्याला करू दिलं.

"फार शांत वाटतं रे," त्या म्हणाल्या. "झोप लागत नाही."

म्हणून सून काही दिवस त्यांच्या खोलीत झोपायला गेली. सकाळी मिस्त्रीणबाई चहा ओतताना मुलाला म्हणाल्या, "तुझी बायको घोरते. आता हिला बंद करायला कुठे दाबू, ते विचार डॉक्टरांना." घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकदम हसले.

डॉक्टरीणबाईंनी मला परत मागितलं नाही. मी आता मिस्त्रीणबाईंच्या कपाटात, दोऱ्याच्या रिळांशेजारी असतो. त्या मला मधूनमधून पुसतात, नळीची घडी घालत नाहीत, सैल गुंडाळून ठेवतात. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी जुना, मुका सोबती असेल तर त्याला असंच ठेवा. फार काही लागत नाही.

परवा खालच्या मजल्यावरचे पेपरवाले काका जिना चढून वर आले. दारात बराच वेळ चप्पल काढत राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, कुणाला सांगू नका. मला उशीत पाणी गळताना ऐकू येतं. घरात हसतात सगळे."

मिस्त्रीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. कपाट उघडून मला काढलं, टोप्या कानांत घातल्या आणि माझी वाटी काकांच्या एका कानामागे, मग दुसऱ्या कानामागे धरली. पंखा बंद केला. पुन्हा ऐकलं. मीही जिवाचा कान करून ऐकलं. आत काहीच नव्हतं. निदान आम्हा दोघांना तरी काही ऐकू आलं नाही.

काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता ह्याही हसणार, असं त्यांना वाटत असावं.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे की अशा वेळी मिस्त्रीणबाईंनी जे केलं, ते तुम्ही करा. त्यांनी मला कानांतून काढलं, नीट गुंडाळलं आणि पायात चप्पल सरकवली.

"मला ऐकू आलं नाही, म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या. "चला, डॉक्टरीणबाई सातपर्यंत असतात."